मदत हवी आहे: ‘सेकिगाहारा’मध्ये इशिदाच्या बाजूने पत्ते कुठे खर्च करावेत?

जीएमटी गेम्सने २०११ साली प्रकाशित केलेल्या ‘सेकिगाहारा’ या दोघांनी खेळायच्या युद्धाच्या पटखेळाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. तोकुगावा इएयासू आणि इशिदा मित्सुनारी यांच्यातला इ.स. १६०० चा सत्तासंघर्ष या पटावर सात आठवड्यांत खेळला जातो. मी बहुधा इशिदाची बाजू घेतो. नियम समजले आहेत, पत्त्यांचा हिशेब मात्र जमत नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. यात फासे नाहीत. एखाद्या घराण्याचा ठोकळा (म्हणजे सैन्याची तुकडी) लढाईत उतरवायचा असेल, तर त्याच घराण्याचे चिन्ह असलेला पत्ता हातात असावा लागतो. त्यामुळे इशिदाच्या बाजूच्या उकिता आणि मोरी घराण्यांची कितीही मोठी फौज रणांगणावर आणली, तरी पत्त्यांअभावी ती नुसती बघत उभी राहते. (मोरींच्या बाबतीत हे इतिहासाला धरूनच आहे म्हणा, सेकिगाहाराच्या प्रत्यक्ष लढाईतही त्यांचे सैन्य नानगू डोंगरावरून हलले नव्हते.)

लढाईत वापरलेले पत्ते नंतर भरून मिळतात, पण मोठ्या हालचालीसाठी टाकलेले पत्ते तसे मिळत नाहीत. उएसुगी घराणे उत्तरेला आणि बाकीचे पश्चिमेला अशी इशिदाची फौज विखुरलेली असल्याने ती एकत्र आणण्यातच माझा हात रिकामा होतो. पत्ते साठवून ठेवावेत, तर नव्या आठवड्याच्या सुरुवातीला निम्मे टाकून द्यावे लागतात. मग मुख्य सैन्याची जुळवाजुळव होण्याची वाट न पाहता लहान लहान लढाया देत हात फिरता ठेवणे शहाणपणाचे आहे का?

दुसरी शंका ‘लॉयल्टी चॅलेंज’ची. प्रतिस्पर्ध्याने हा पत्ता टाकला की आपण उतरवलेल्या ठोकळ्याच्या घराण्याचा आणखी एक पत्ता दाखवावा लागतो, नाहीतर तो ठोकळा इशिदाच्या बाजूचा सरदार कोबायाकावा हिदेआकी याच्याप्रमाणे ऐन लढाईत शत्रूला जाऊन मिळतो. या भीतीने मी प्रत्येक घराण्याचा एक पत्ता राखून ठेवतो आणि त्यामुळे माझा मारा कमी पडतो. अनुभवी खेळाडू एवढी सावधगिरी बाळगतात, की ठरावीक लढायांतच?

माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी तोकाइदो या किनाऱ्यालगतच्या मार्गाने लवकर पश्चिमेकडे सरकतो. ओसाकात तोयोतोमी घराण्याचा बालवारस हिदेयोरी असल्याने तिथली शिबंदी काढून घेण्याचे धाडस मला होत नाही. अशा वेळी उएसुगींवर पत्ते खर्च करून पूर्वेकडे दबाव आणावा, की त्यांना जागीच ठेवावे, हेही कृपया कारणांसह सांगावे.