मदत हवी आहे: दाजींना औषध देऊन कोमात ठेवलंय. का, आणि कधी उठवतात?

उचगावकर_७: नमस्कार मंडळी. रविवारी रात्री राधानगरी रोडला आमच्या दाजींची दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, हंगाम सुरू झाला की हे दरवर्षीचंच. हेल्मेट घरात खुंटीला. कोल्हापुरातच एका खासगी दवाखान्यात आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटर लावलाय.

कोडं असं आहे की आणलं तेव्हा दाजी बडबडत होते, हात झटकत होते, वॉर्डबॉयला शिव्या घालत होते. सीटी झाला आणि डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज येतीय, औषध देऊन कोमात ठेवतोय. बोलत्या माणसाला कोमात घालायचं कशाला? आधी ७२ तास म्हणाले, आता म्हणतात बघू. गावाकडनं आलेले पाहुणे आक्काच्या तोंडावरच म्हणतात, बिल वाढवायला झोपवून ठेवलंय. तिनं जेवण सोडलंय. डॉक्टर सकाळी उभ्या उभ्या भेटतात, त्यावेळी काय विचारायचं तेच सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

भूलवाला: मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूत काम करतो. पेशंट न बघता मत देणार नाही, पण कारण सांगतो.

शिव्या घालत होते म्हणजे शुद्धीत होते, असं समजू नका. डोक्याला मार लागलेला माणूस असा बेभान होतो, ती इजेचीच खूण असते. पाय मुरगळला तर सुजेला बाहेर जागा मिळते, कातडी ताणते. कवटी ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि पाणी यांनी जागा भरलेली, त्यात सूज आली की दाब चढतो. दाब चढला की रक्त आत शिरायला अडतं, रक्त कमी पडलं की मेंदूचा अजून भाग दुखावतो आणि सूज आणखी वाढते. हे चक्र कुठंतरी तोडावं लागतं.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण ऑक्सिजन खातो जवळपास २० टक्के. झोपेच्या औषधानं त्याचं काम कमी केलं की मागणी कमी, मागणी कमी की आत येणारं रक्त कमी, आणि दाब उतरतो. शिवाय घशात नळी असताना जागा माणूस खोकतो, झटापट करतो, प्रत्येक खोकल्याला दाब उसळतो. मोठ्या माणसात कवटीतला हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण ७ ते १५ असतो, २२ च्या वर राहिला की उपचार वाढवतात.

कॉरिडॉरमध्ये ज्याला ‘कोमा’ म्हणतात ती बहुतेक वेळा प्रोपोफॉल, मिडाझोलम, फेंटानिलची गाढ झोप असते. थायोपेंटोनसारखं जड औषध बाकीचे उपाय थकल्यावरच काढतात. झोपवण्याचे तोटेही आहेत: बीपी पडतं, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायात गुठळी होते, स्नायू झिजतात. म्हणून उगाच कुणी लांबवत नाही.

७२ तासांचं म्हणाल तर सूज पहिले काही दिवस वाढतच असते. तो आकडा सुजेचा अंदाज असतो, उठवण्याची तारीख नाही.

पंचगंगा_घाट: कार रेसिंगवाला शूमाकर आठवतोय का? डिसेंबर २०१३ ला बर्फात पडला, जानेवारीअखेर औषध कमी करायला लागले आणि जून २०१४ ला दवाखान्यातनं हलवला.

भूलवाला: ती माहिती खरी आहे, पण ती इथं कशाला? प्रत्येक मार वेगळा असतो. त्यांच्या आक्का हे वाचत असतील.

मिसळपाव_नको_कट_वाढा: भावा, पाहुण्यांना गप करायचा एकच मार्ग. सीटीची सीडी आणि रिपोर्ट मागून घे, दुसऱ्या न्यूरोसर्जनला दाखव. तो आपला हक्क आहे, डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर मात्र विचार कर. आणि बिलाचं म्हणशील तर दवाखाना महात्मा फुले योजनेत असला तर आरोग्यमित्राला आजच गाठ.

भूलवाला: विचारायचं ते असं. नव्या सीटीत सूज वाढलेली आहे की उतरलेली? दाब मोजायची तार घातलीय का, असेल तर रात्रीत आकडा कुठवर गेला? डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? औषध कमी करून बघितलं का, आणि तेव्हा कुठला हात हलवला? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. फाईलवरचा जीसीएसचा, म्हणजे शुद्धी मोजायचा, आकडा वाचून घाबरू नका. तो ३ ते १५ मध्ये मोजतात, पण नळी असताना बोलण्याचे गुण धरताच येत नाहीत आणि औषधावर असताना बाकीचेही खाली दिसतात. दाब जास्त असेल तर औषध बंद करून बघणंही धोक्याचं, म्हणून ते ‘बघू’ म्हणत असतील.

शाहूपुरीची_माई: माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. सिनेमात डोळे उघडून आई म्हणतात तसं काही होत नाही, एवढं आक्कांना आधीच सांगून ठेवा. औषध बंद केल्यावरही तो बराच वेळ हललाच नाही. मिडाझोलम चरबीत साठतं, किडनी मंद असेल तर आणखी रेंगाळतं, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. मग उठला तो भलताच. सिस्टरला चोर समजला, नळी उपटायला गेला, हात बांधावे लागले. मला ओळखलं नाही, पण डेअरीला दूध घातलं का म्हणून सारखं विचारायचा. हा भ्रम बऱ्याच जणांना होतो, हळूहळू ओसरतो. आणि जवळ बसून नेहमीच्या आवाजात बोला, रडू नका.

उचगावकर_७: सगळ्यांचे आभार. आज कागदावर लिहून नेलं, डॉक्टर पहिल्यांदाच बसून बोलले. तार घातलीय, रात्रभर दाब १८ च्या आत होता. पहाटे औषध थोडं उतरवलं तर दाजींनी उजवा हात थेट नळीकडं नेला. डॉक्टर त्याच्यावर खूश, आम्ही घाबरलो होतो. डाव्या हाताचं उद्या बघू म्हणाले. आक्कानं दुपारी दोन घास खाल्ले, हात बांधलेले दिसतील हे तिला सांगितलंय.

आता योजनेचं बघतोय. केशरी कार्ड गावाकडं राहिलंय, मोबाईलवरचा फोटो चालतो की मूळ कार्डच आणावं लागतं? कुणी हल्ली केलं असेल तर सांगा, म्हणजे संध्याकाळच्या एसटीनं कुणालातरी पाठवतो.