किंमतपट्टीवरचा कर आणि वर्गातला शिक्षक

कर किमतीतच मिळवलेला असो किंवा बिलावर वेगळा लावलेला असो, ग्राहकाचे वर्तन सारखेच राहते, हे मत पाठ्यपुस्तकातील सिद्धांताला धरून असले, तरी राज चेट्टी, ॲडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट या अर्थशास्त्रज्ञांच्या २००९ मधील शोधनिबंधाने त्याला गंभीर आव्हान दिले आहे. कॅलिफोर्नियातील एका दुकानात त्यांनी निवडक वस्तूंच्या किंमतपट्ट्यांवर, एरवी बिलावर वेगळा लागणाऱ्या विक्रीकरासह होणारी एकूण रक्कम छापली. कराचा दर तोच, ७.३७५ टक्के, आणि ग्राहकाने द्यायचे पैसेही तेवढेच. तरीही त्या वस्तूंची मागणी सुमारे ८ टक्क्यांनी घटली. बहुतेक ग्राहकांना कर माहीत होता, परंतु वस्तू निवडताना तो त्यांच्या नजरेसमोर नव्हता, आणि मला तरी हाच या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

चेट्टी यांचे अध्यापनविषयक संशोधनही करांशीच जोडलेले आहे, हे इथे नमूद करायला हवे. जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ यांच्यासह त्यांनी सुमारे २५ लाख मुलांच्या शालेय नोंदी पुढील आयुष्यातील करनोंदींशी पडताळल्या आणि विद्यार्थ्यांचे गुण वाढवणाऱ्या शिक्षकांकडे शिकलेली मुले महाविद्यालयात जाण्याची शक्यता अधिक असते व त्यांचे उत्पन्नही अधिक असते, असे २०१४ मध्ये दाखवले. अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी विद्यार्थ्यांच्या गुणवाढीवरून शिक्षक जोखण्याच्या या पद्धतीवर घेतलेले आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण मुले वर्गांत यदृच्छेने विभागली जात नाहीत, त्यामुळे दिसणारा फरक शिक्षकामुळेच आहे असे सहज म्हणता येत नाही.