बाथरूममध्ये साप निघालाय, सगळ्यांनी वाचा

ए-103 सावंत वहिनी: ग्रुपवर टाकणार नव्हते, पण आता बास झालं. सकाळी बाथरूममध्ये सापाचं पिल्लू निघालं. नहाणीच्या तुटक्या जाळीतून आलं. घरात लहान मूल आहे. जाळीचं मे महिन्यातच कमिटीला सांगितलं होतं. फोटो टाकतेय, बादलीखाली झाकून ठेवलंय.

ए-302 मिहिर: वहिनी, गांडूळ आहे ते 😄

सावंत वहिनी: गांडूळ जीभ बाहेर काढतं का रे?

बी-401 पाटील: नागाचं पिल्लू आहे. मारलंत तर डोकं नीट ठेचा. डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो, मग नागीण शोधत येते. आमच्या गावी झालेलं आहे.

मिहिर: काका, याचे डोळे नुसते दोन ठिपके. फोटो पासपोर्ट साइजचा तरी निघेल का?

सेक्रेटरी: नमस्कार. मागील सूचना पुन्हा पाठवत आहे. पॅसेजमधील सर्व कुंड्या सात दिवसांत उचलाव्यात. सहकार्याची अपेक्षा 🙏

बी-204 देशपांडे काकू: साप निघाला ए विंगमध्ये, कुंड्या बी विंगच्या. बरोब्बर आमच्याच दिसतात. जिन्याखालचं भंगार कुणाचं आहे ते मी बोलत नाही. असो.

सी-101 गोरे सर: सावंत वहिनी, घाबरू नका. हा वाळा. बिनविषारी. पिल्लू नाही, पूर्ण वाढलेलाच एवढा असतो, सहा इंच वगैरे. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की वर येतो. कागदावर घ्या आणि बागेत सोडा.

पाटील: सर, वाळा झोपेत कानात शिरतो.

गोरे सर: कानात काय ठेवलंय त्याच्यासाठी? खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. या जातीत नर नाहीत. सगळ्या माद्या, नराशिवायच अंडी घालतात.

पाटील: तुम्ही शिक्षक म्हणून मान ठेवतो सर. पण म्हणून काहीही?

देशपांडे काकू: नवऱ्याशिवाय सगळं? सुखी आहे हो बिचारी.

देशपांडे काका: मी पण याच ग्रुपवर आहे.

ए-201 कीर्ती: सर, चेष्टा नाही, खरंच विचारते. सूड घेणारी नागीण आणि नर नसलेला साप, मला दोन्ही सारखंच अचाट वाटतंय. एक खोटं आणि एक खरं, हे ठरवायचं कशावरून?

गोरे सर: चांगला प्रश्न. अचाट वाटतंय की नाही ते बाजूला ठेव. खोटं असेल तर कुठे उघडं पडेल ते बघ. वाळ्याचा एक नर कुणी आणून दाखवला की माझं म्हणणं संपलं. आजवर तपासलेल्यांत एकही निघालेला नाही. पेशी पाहिल्या तर गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने प्रजा होणं तसंही अवघड. आता नागीण घे. आली नाही तर म्हणायचं बारा वर्षांनी येईल, तेव्हाही नाही आली तर रूप बदलून आली होती. तिला पकडणार कुठे?

सेक्रेटरी: पॅसेजमधील सर्व कुंड्या सात दिवसांत उचलाव्यात.

पाटील: मग 95 साली गणपती दूध प्यायले ते काय? मी या हातांनी पाजलंय. रांगेत तीन तास उभा होतो.

गोरे सर: 21 सप्टेंबर 1995. चमच्यातलं दूध जात होतं, तुम्ही पाहिलंत ते खरंच. पण गेलं कुठे? दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाहिलं, तर तो रंग मूर्तीवरच पसरलेला दिसला. भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध, दिसणार कसं?

पाटील: देवाबद्दल ग्रुपवर नको.

गोरे सर: मी चमच्याबद्दल बोललो.

*पाटील यांनी हा मेसेज डिलीट केला*

कीर्ती: वाचला मी 🙄

गोरे सर: एक महत्त्वाचं राहिलं. काळा चकचकीत साप आणि अंगावर बारीक पांढरे पट्टे दिसले तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. मण्यार असू शकतो. झोपेत चावला तर बऱ्याचदा कळतही नाही. चावल्याचा संशय आला तरी थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात, मांत्रिक-बिंत्रिक नाही.

मिहिर: आत्ता शोधलं. सर म्हणतात ते खरं आहे. आणि हा वाळा कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरलाय, पार हवाई बेटांपर्यंत. एकटी मादी पोचली तरी पुरते.

सेक्रेटरी: कुंड्यांच्या मातीतून. हेच मी मार्चपासून सांगतोय 🙏🙏

देशपांडे काकू: मिहिर, आईला फोन करायला सांग मला.

मिहिर: सॉरी काकू 🙈

सावंत वहिनी: नर-मादी झालं, हवाई झालं. माझ्या जाळीचं काय?

सेक्रेटरी: प्लंबर शनिवारी येईल. जाळीचा खर्च ज्याने त्याने करायचा आहे.

सावंत वहिनी: ड्रेनेज लाइन कॉमन आहे. खर्च कॉमनमधूनच व्हायला हवा.

पाटील: कॉमनमधून का म्हणून? आमच्याकडे साप निघालेला नाही.