जुन्या बोनेटवाल्या टाटा मर्सिडीजमध्ये स्टिअरिंगमागे जागा कशी वाढवायची?

तापीकाठचा_शिरपूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९६६ ची टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक आहे, लांब बोनेटवाली, नाकावर तो तीन टोकांचा तारा अजून शाबूत आहे. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ला झाला आणि १९६९ पर्यंत चालला, त्या काळातली गाडी आहे ही. आबांनी हिच्यावर नंदुरबारची मिरची, कापसाच्या गाठी, सावद्याची केळी, सगळं वाहिलं. आता माल भरत नाही, पण इंजिनचं काम पूर्ण झालंय, ब्रेक नवे केलेत, आणि यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला स्वतः चालवत न्यायची असं ठरवलंय.

अडचण अशी की आबा ५ फूट ४ इंच होते आणि मी ६ फूट १ इंच, वजन ९८ किलो. सीट फिक्स आहे, मागेपुढे काही होत नाही. बसलो की पोट स्टिअरिंगला लागतं, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर न्यायला गेलो की मांडी स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या कडेत अडकते. परवा शेताच्या रस्त्यावर समोर बैलगाडी आली तेव्हा पाय ब्रेकवर जायला जो वेळ लागला ना, त्यानंतर मी गाडी बाहेरच काढली नाही.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं स्टिअरिंगचा पाइप आणि आतला रॉड तीन इंच कापून परत वेल्ड करून देतो. दुसरा म्हणतो जीपचं छोटं स्टिअरिंग बसव, काम खतम. तुमच्यापैकी कोणी जुन्या गाडीत हे केलंय का? गाडीचं रूप बिघडवायचं नाही पण सुरक्षित चालवता आली पाहिजे.

साक्रीचा_पाटा

भाऊ, पहिल्यांदा तो रॉड कापायचा विचार डोक्यातून काढून टाका. स्टिअरिंगच्या कुठल्याच पार्टला वेल्डिंग लावायचं नाही, ना रॉडला, ना ड्रॉप आर्मला (स्टिअरिंग बॉक्समधून खाली निघणारा, पुढची चाकं वळवणारा दांडा). तो रॉड पिळ सहन करायला बनवलेला असतो, वेल्डच्या उष्णतेने त्याचं पाणी उतरतं आणि तो तुटतो तेव्हा सांगून तुटत नाही. तुमच्या गाडीत रॉड स्टिअरिंग बॉक्सपासून वरच्या चाकापर्यंत सरळ एकच आहे, मध्ये नंतरच्या गाड्यांसारखा जॉइंट नाही, म्हणून वरून ब्रॅकेट उचलून चाक वर घ्यायचं म्हटलं तरी खाली बॉक्सच्या बेअरिंगवर तिरपा जोर येतो. अर्धा इंच ठीक, त्याच्या वर नाही.

आता छोटं स्टिअरिंग. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतो. वीसेक वर्षं झाली, आमच्या जुन्या गाडीला मी २० इंचाचं काढून १६ इंचाचं बसवलं, जागा मस्त झाली, मोकळी गाडी गावात दोन दिवस फिरवली, काही वाटलं नाही. मग कांदा भरून धुळ्याकडून मालेगावला निघालो आणि लळिंगच्या घाटात एका वळणावर समोरून बस आली, मी वळवतोय, गाडी वळतेय पण पुरेशी नाही, दोन्ही हात आणि खांदा लावून कशीबशी बाजूला घेतली. मागच्या चाकाने कडेचा मुरूम उडवला तो आवाज अजून आठवतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत तुमच्या हाताचा जोर म्हणजे चाकाच्या घेराची तरफ, २० चं १६ केलं की त्याच वळणाला सव्वापट जोर लागतो. तुम्ही माल भरत नाही हे मान्य, पण यात्रेच्या गर्दीत जागच्या जागी गाडी वळवायची म्हणजे तेच भोगावं लागेल. शिवाय जीपच्या चाकाचे आतले दाते तुमच्या रॉडच्या दात्यांत बसतीलच असं नाही, मग लेथवाला मधे बूश करून देतो आणि तो बूश ढिला होतो.

माझं म्हणणं सरळ आहे, चाक आहे तिथे राहू द्या आणि माणूस मागे न्या, खाली न्या. जागा सगळी सीटमध्ये लपलेली असते. आधी मोजा नेमकं कुठे अडतंय ते: चाकाची खालची कड ते सीटचा वरचा भाग किती, पाठ ते चाक किती, आणि डोकं ते छत किती. हे तीन आकडे टाका इथे.

बोराडीवाला

भाऊ, आबानी गाडी शे, जपीसन काम कर. स्टिअरिंगले हात नको लावू.

तापीकाठचा_शिरपूर

धन्यवाद साक्रीकर दादा, रॉड कापणं रद्द. मोजलं. चाकाची खालची कड ते सीट साडेपाच इंच, माझी मांडी तर बसल्यावर सात इंचाच्या वर भरते. पाठ टेकून पोट ते चाक शून्य. डोकं ते छत दोन इंच, खड्ड्यात आपटतंच.

केबिन सागवानाच्या सांगाड्यावर पत्रा मारलेली आहे, इथल्याच मिस्त्रीने बांधलेली. सीटच्या मागे झोपायची फळी आहे, साधारण २२ इंच रुंद.

कुशनवाला_जळगाव

मी ट्रकच्या सीटचंच काम करतो, पस्तीस वर्षं झाली. तुमच्या आकड्यांवरून सांगतो, सीट उघडा. वरचं रेग्झिन काढा आणि फोटो टाका, तुम्हाला आत काय सापडेल याचा मला अंदाज आहे. आणि पाठीचं कुशन फळीच्या पुढच्या पायांना ठोकलेलं असेल, म्हणजे पाठ मागे का जात नाही तर फळी जाऊ देत नाही म्हणून.

तापीकाठचा_शिरपूर

उघडली. वरती काळं रेग्झिन, ते काढलं तर खाली फोमचा थर आणि मरून रेग्झिन, ते काढलं तर त्याच्या खाली अजून एक पातळ फोम आणि हिरवं रेग्झिन, बारीक चौकटीच्या शिलाईचं, आणि सगळ्यात खाली काथ्या, दगडासारखा घट्ट झालेला. दर वेळी नवं कव्हर करताना जुनं न काढता त्याच्यावरच चढवलंय. ते हिरवं आबांच्या वेळचं, आई बघून लगेच म्हणाली की हे गाडी आणली तेव्हाचं. कुशनची जाडी एकूण आठ इंच निघाली! पाठीचंही तसंच, पाच इंच. आणि हो, पाठ फळीच्या पायालाच ठोकलेली आहे.

फळी मात्र काढायची मनाला येत नाही. पळासनेरच्या पुढे घाट चढण्याआधी आबा तिच्यावर दोन तास पडायचे आणि मी लहान असताना त्यांच्या पायाशी झोपलोय.

कुशनवाला_जळगाव

फळी काढू नका, उचलती करा. मागच्या भिंतीला तीन मजबूत बिजागऱ्या, पुढच्या बाजूला दोन साखळ्या वर छताच्या आडव्या लाकडाला. दिवसा भिंतीला उभी, रात्री खाली. पुढचे पाय काढले की पाठीला मागे जायला रस्ता मिळतो. पण साखळी जिथे अडकवाल ते लाकूड आतून पोखरलेलं नाही ना ते टोचून बघा, जुन्या केबिनमध्ये पावसाचं पाणी मुरून तिथंच सडतं.

सीटचं सांगतो. काथ्या सगळा काढा, खाली १२ एमएमचा प्लाय, त्याच्यावर ४० डेन्सिटीचा एचआर फोम (दाबला तरी परत फुगणारा, लवकर न बसणारा) चार इंच, बास. साधा पिवळा फोम घेऊ नका, तुमच्या वजनाखाली तो सहा महिन्यांत बसून प्लाय लागायला लागेल. आठचे चार इंच झाले की मांडीला जागा मिळाली आणि डोक्यालाही मिळाली, दोन्ही एकाच कामात. पाठीला दोन ते अडीच इंच, कमरेशी थोडा फुगवटा ठेवा. वरून रेग्झिनऐवजी जाड कापड करा, आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, रेग्झिनवर पाठ भाजून निघते. हिरव्या रेग्झिनचा चांगला राहिलेला तुकडा मधल्या पट्टीला वापरून देईन, पाहिजे असेल तर घेऊन या.

भुसावळ_डिझेल

वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणी बोललं नाही, पायाची. सीट मागे नेण्याच्या नादात माणसं क्लच विसरतात. आमच्या ओळखीत एकाने सीट सहा इंच मागे नेली, पोट मोकळं झालं, खूश, पण क्लच पूर्ण तळाला दाबायला त्याला कमरेतून सरकावं लागायचं, म्हणजे क्लच अर्धाच दबायचा आणि प्रत्येक गेरला कर्रर्र. वर्षभरात गेअरबॉक्स उघडायची पाळी आली.

म्हणून माप असं घ्या: क्लच पूर्ण तळाला दाबून धरायचा, पाठ टेकलेली, तेव्हाही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. मग हात लांब करून मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, पाठ न सोडता. हे दोन्ही जिथं जमतं तीच तुमची जागा, मग ती चार इंच मागे असो की पाच. आणि सीट जेवढी खाली जाते तेवढे उंच माणसाचे गुडघे वर येतात, त्यामुळे नुसती खाली करून भागत नाही, खाली आणि मागे दोन्ही सोबत पाहिजे. पक्कं करण्याआधी विटा आणि फळकूट ठेवून तात्पुरती सीट करा, उभ्या गाडीत अर्धा तास बसा, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पन्नास वेळा न्या.

फ्लोअरचं पण बघा. गरमीसाठी खाली जाड नमदा आणि रबर टाकतात, त्याने टाच वर येते आणि तेवढा गुडघा वर, म्हणजे वाचवलेला इंच परत गेला. टाकायचाच तर पायाच्या जागी पातळ ठेवा.

सीट स्लायडरवर घेणार असाल तर भंगारातून नंतरच्या एखाद्या ट्रकची रेल मिळेल, दाते झिजलेले नाहीत ना, लॉक दोन्ही बाजूला एकदम पडतं ना ते हलवून बघा. लाकडाच्या फ्लोअरला नुसत्या स्क्रूने लावू नका, एका जोराच्या ब्रेकला सीट सुटून तुम्ही चाकावर. खाली ४० एमएमचा लोखंडी अँगल आडवा टाकून, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आरपार, खालून मोठी पट्टी.

कोणी सांगेल केबिनची मागची भिंतच मागे सरकवा. ते तुम्हाला लागणार नाही असं दिसतं, आणि हौदा आणि केबिन यांच्यात फट राहिलीच पाहिजे, चासी पिळली की दोन्ही वेगवेगळे हलतात, चिकटले की पत्रा फाटतो. अमेरिकेतल्या जुन्या शेवरोले पिकअपवाले डिझेल-पेट्रोलची टाकी काढून जागा करतात हे पण वाचाल, कारण त्यांच्यात १९७२ पर्यंत टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असायची. आपली टाकी बाहेर चासीवर आहे, तो उपाय आपल्याला लागू नाही.

साक्रीचा_पाटा

आणि आरटीओचं एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) जे लिहिलंय ते बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. कुशन पातळ केलं, फळी उचलती केली, याने आरसीवरचं काही बदलत नाही. पण केबिन लांब करणं किंवा दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसवणं असलं काही पुढे करायचं झालं तर आधी एमएच १८ च्या, म्हणजे धुळ्याच्या आरटीओ ऑफिसात जाऊन विचारा, मग पाना उचला.

तापीकाठचा_शिरपूर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, कापूस वेचणी चालू होती.

काम झालं. विटांवर फळकूट ठेवून तीन संध्याकाळी नुसता बसून मापं घेतली. मला वाटायचं सहा इंच मागे लागतील, पण क्लचचं माप धरलं तर चारच निघाले. ॲक्सिलरेटरखाली फ्लोअरच्या पत्र्यात आबांच्या टाचेने पडलेला खळगा आहे, रुपयाएवढा, माझा पाय मोठा म्हणून माझी टाच त्याच्या दीड इंच मागे पडते, मग मी रबरात तेवढी जागा मोकळी सोडली, तो खळगा झाकला नाही.

जळगावला जाऊन सीट करून आणली, मध्ये हिरवी पट्टी. मांडी आणि चाकात आता अडीच बोटं राहतात, पोटापासून मूठभर अंतर, डोक्यावर पाच इंच. छताचं लाकूड डाव्या कोपऱ्यात खरंच सडलेलं निघालं, तिथं नवं सागवान जोडलं, मग साखळी लावली. स्लायडरमुळे धाकटा भाऊ पण चालवू शकतो, तो आबांच्या उंचीचा. काल दहिवदपर्यंत जाऊन आलो, पाय ब्रेकवर एकदाही अडकला नाही.

एकच राहिलं. सीट मागे गेल्यापासून उजवा गुडघा खिडकीच्या काचेच्या हँडलला लागतो, उजवीकडे वळताना बरोबर हाडावर. यावर कोणी काही केलंय का?

कुशनवाला_जळगाव

हँडलचा स्क्रू काढा, हँडल दात्यांवरून ओढून काढा आणि काच पूर्ण वर असताना दांडा पुढे वर येईल असं फिरवून परत बसवा. अर्ध्या तासाचंही काम नाही. दाते घासलेले असतील तर बंबाखालच्या राखेसारखा काळा चुरा निघेल, मग हँडल नवंच घ्या.

तापीकाठचा_शिरपूर

बसवलं. चुरा निघाला नाही. आता लागत नाही.