सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये ‘व्हाइटलिस्ट’ आणि ‘वॉचमन’: सीआयमध्ये वोक कसा बसवायचा?

बाणेर_बॅकएंड
पुण्यातल्या सोसायट्यांसाठी अ‍ॅप आहे. कोडमध्ये ‘व्हाइटलिस्ट’, ‘स्लेव्ह’. स्क्रीनवरच्या मराठीत ‘वॉचमन’, ‘कामवाली’. वोक (कोडमधले भेदभावसूचक, खटकणारे शब्द शोधणारं साधन) सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतरच्या आपोआप तपासणीत लावला, तर शेकडो इशारे येतात, तरी बिल्ड हिरवंच, म्हणजे पासच. मराठी शब्दांचे नियम लिहिले, ते काहीच पकडत नाहीत. शब्दसीमेचा पर्याय (फक्त पूर्ण शब्दच जुळावा) चालू आहे.

पाइपलाइन_पेठ
‘--एक्झिट-१-ऑन-फेल्युअर’ दिल्याशिवाय वोक बिल्ड पाडत नाही. पण आजच देऊ नका, वैतागून कुणीतरी ती पायरीच उडवेल. आधी ‘.वोकइग्नोर’मध्ये (वोकने वगळायच्या फाइलींची यादी) वेंडर फोल्डर (बाहेरून आणलेला कोड), मिनिफाय केलेलं जेएस, डेटाबेस बदलाच्या जुन्या मायग्रेशन फाइली टाका. मग रिव्ह्यूडॉग (इशारे कोड-रिव्ह्यूत शेरे म्हणून टाकणारं साधन) जोडून फिल्टर ‘अ‍ॅडेड’वर ठेवा, म्हणजे फक्त नव्या ओळींवर शेरा येईल.

‘स्लेव्ह’ सरसकट बदलू नका. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ‘शो रेप्लिका स्टेटस’ (दुय्यम सर्व्हरची स्थिती दाखवणारी आज्ञा) ८.०.२२ पासून चालतं, ५.७ वर सिंटॅक्स एरर. उलट ८.४ मध्ये जुनी ‘शो स्लेव्ह स्टेटस’ काढूनच टाकली आहे. सर्व्हर जुना असेल तर त्या ओळीवर वोकइग्नोरची टिप्पणी, नियमाच्या नावासकट. एपीआयच्या जेसनमधली ‘व्हाइटलिस्ट’ की बदलली तर अपडेट न केलेले फोन अडकतील. काही काळ दोन्ही की वाचा.

जोडाक्षर
मराठीचं दुखणं शब्दसीमेतच आहे. वोक गो भाषेत लिहिलाय आणि गोच्या रेजेक्सची (मजकुरात नमुने शोधण्याची पद्धत) शब्दसीमा फक्त अ‍ॅस्की (इंग्रजी) अक्षरं ओळखते. तिच्या लेखी रिकामी जागाही ‘शब्दाबाहेर’ आणि ‘व’ही शब्दाबाहेर, मग सीमा येणार कुठून? पर्याय बंद करा. तसाही ‘वॉचमनला’, ‘वॉचमनचा’ पकडायचा तर शेवटी सीमा नकोच.

दुसरी खोच: ‘वॉ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ॉ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात काना आणि वर वेगळा चंद्र. दिसायला सारखेच, आणि एनएफसी (युनिकोड मजकूर एकसारखा करण्याची रीत) केलं तरी एक होत नाहीत. दोन्ही रूपं नियमात घाला. ‘कामवाली’ऐवजी ‘कामवाल’ एवढंच लिहा, नाहीतर ‘कामवाल्या’ निसटतात. जावाच्या जुन्या प्रॉपर्टीज फाइलींत मराठी युनिकोड एस्केपमध्ये (अक्षरांऐवजी त्यांचे कोड) असते. ती आधी उलगडा.

बाणेर_बॅकएंड
सीमा काढली, ‘वॉचमन’ सापडला! पर्यायी शब्द काय ठेवू?

जोडाक्षर
सुरक्षारक्षक, घरकामगार. राज्याच्या २००८ च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ आहे, पण बटणावर ते जरा सरकारी वाटतं. ‘चेअरमन’ला मात्र ‘इन्फो’ (नुसती माहिती) एवढीच पातळी द्या. सोसायटीच्या जुन्या ठरावांचा मजकूर जसाच्या तसा दाखवावा लागतो, तिथं ‘अध्यक्ष’ करून चालणार नाही.