साबणाचे फुगे: फुंकण्याऐवजी दोऱ्याची चौकट

घरी केलेल्या साबणाच्या पाण्याचे फुगे लगेच का फुटतात? बहुतेकदा दोष फेसाचा असतो. 6 वाट्या पाण्यात 1 वाटी भांडी घासायचं लिक्विड आणि 1 मोठा चमचा ग्लिसरीन घालून अगदी हळू ढवळा. फेस आला तर चमच्याने काढून टाका. मिश्रण रात्रभर ठेवलं तर फुगे जास्त टिकतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून पापुद्रा लवकर सुकत नाही. तरी भर दुपारच्या कोरड्या हवेत आणि वाऱ्यात फुगे टिकणार नाहीत. सकाळी, सावलीत खेळा.

तीन वर्षांच्या मुलांना फुंकायला देऊच नका, ती पाणी ओढून घेतात. त्यापेक्षा स्ट्रॉचे 10 सेंमीचे दोन तुकडे घ्या, 55 सेंमी सुती दोरा दोन्हींतून ओवून गाठ मारा आणि गाठ स्ट्रॉच्या आत सरकवा. नायलॉन नको, त्यात पाणी मुरत नाही. चौकट पसरट ताटात पूर्ण बुडवायची, उचलून सावकाश मागे चालायचं. मोठाले फुगे निघतात, मुलं हरखून जातात! हात मात्र ओले हवेत, कोरडं बोट लागलं की फुगा फुटतो.

फरशीवर नको, घसरतं. गवत किंवा माती उत्तम.