आजीची ८ नंबरची सुई आणि पॅटर्नमधली ८ नंबर वेगळी असते का?

लोकरगुंडी
नमस्कार मंडळी, विणकामात अडकलेय. डिसेंबरमध्ये बहीण बाळंतपणाला पुण्याला येतेय आणि बाळंतविड्यात एक तरी स्वेटर माझ्या हातचा असावा असं फार मनात आहे. आजीच्या पेटीत अ‍ॅल्युमिनियमच्या सुया सापडल्या, टोपीवर ८ लिहिलंय, नेटवरच्या अमेरिकन पॅटर्नमध्येही ८ नंबरच सांगितलाय, म्हणून तुळशीबागेतून पॅटर्नमध्ये म्हटलीये तेवढ्याच जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर आणली आणि लागले विणायला. ४५ टाक्यांना पाठीची रुंदी २५ सेंमी यायला हवी होती, ती आली जेमतेम साडेवीस. दोनदा उसवलं, टाके पुन्हा पुन्हा मोजले, बरोबर आहेत. मग चुकतंय काय, लोकर, सुई का माझा हात? आणि टोपडं, मोजे सुती दोऱ्याचे करायचेत, त्याला बांबूच्या सुया घेऊ का धातूच्या? दुकानात सर्क्युलर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुया, पण दाखवल्या पण दुपटं आणि स्वेटर काय गोल विणायचं नाहीये, म्हणून परत ठेवल्या.

उलटसुलट
सुई चुकलीये, तू नाही. आपल्याकडच्या जुन्या सुया ब्रिटिश नंबरच्या, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. म्हणून तर आई-मावश्या बॉर्डर १२ वर आणि अंग १० वर विणायच्या, बॉर्डर घट्ट बसावी म्हणून. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटा, वाढला की सुई जाड, त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. तू पूर्ण एक मिमी बारीक सुईवर विणत होतीस, दहा सेंमीत १८ टाके बसायचे तिथे २२ बसले, हिशोब करून बघ, ४५ टाक्यांचे साडेवीस सेंमीच येतात. यापुढे नंबर बघूच नकोस, फक्त मिमी बघ. जुन्या सुया मापायला भोकं पाडलेली पट्टी मिळते, ती घेऊन ठेव, नाहीतर घरात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर सुईच्या मधोमध लाव, टोकाशी निमुळती असते ना.

कर्वेनगर_काकू
नंबरचं वरती सांगितलंय ते अगदी खरं, पण बाळा, ५ मिमी आणलीस की लगेच स्वेटरचे टाके नको घालूस. आधी नमुना म्हणून ३० टाक्यांचा चौकोन विण, धू, सपाट टाकून वाळव आणि मग मधले दहा सेंमी मोज, कडेचे टाके धरायचे नाहीत. टाके जास्त आले तर जाड सुई, कमी आले तर बारीक. दोन बायका एकाच सुईवर एकच लोकर विणतात तरी माप वेगळं येतं, कुणाचा हात घट्ट कुणाचा सैल. मी माझ्या पहिल्या नातवाच्या वेळी हे केलं नाही आणि स्वेटर त्याला दुसऱ्या वर्षी झाला, तेव्हापासून नमुना केल्याशिवाय मी काही सुरूच करत नाही.
सुती दोऱ्याचं असं आहे की त्याला लोकरीसारखी ताण नसते, टाका ओढला की तसाच आवळून बसतो. तुझा हात घट्ट असेल तर बांबूवर सुती दोरा सरकता सरकत नाही, मनगटं भरून येतात, मग धातूचीच घे. हात सैल असेल आणि टाके सुईवरून घसरत असतील तर बांबू, तो टाके धरून ठेवतो. फक्त अगदी बारीक बांबूची सुई वाकते, मोडते पण, दोन-अडीच मिमीला धातूच बरी. आणि दोऱ्याचे पदर सुटे होत असतील तर फार टोकदार सुई नको, ती नेमकी पदरातच घुसते.

दुपटंवाली
सर्क्युलर परत ठेवायला नको होतीस गं! तिच्यावर सरळसुद्धा विणता येतं, ओळ संपली की फिरवायचं आणि परत यायचं, दोन सुयांवर करतो तसंच. दुपट्यासारखं मोठं काम असलं की सगळं वजन वायरीवर, वायर मांडीत, खांदे दुखत नाहीत, आणि रिक्षात बसून विणताना शेजारणीला सुई लागत नाही. दुपट्याला ८० सेंमीची घे. वायर वेटोळी झाली असेल तर मिनिटभर गरम पाण्यात धर, सरळ होते.
टोपडं गोल विणणार असशील तर मात्र ६० सेंमीची चालणार नाही, तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंमीच्या आसपास, एवढेसे टाके तेवढ्या वायरीवर ताणले जातात. त्याला दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांचा पाचचा संच घे, मोजेही त्यावरच होतील.

लोकरगुंडी
सगळ्यांना मनापासून थँक्यू! भावाच्या व्हर्नियरने मोजलं, आजीची खरंच ४ मिमी निघाली. काल ५ मिमी आणून नमुना केला, धुऊन दहा सेंमीत १९ टाके आले, म्हणजे काकू म्हणतात तसा माझा हात घट्टच. आज साडेपाचवर परत केला तर बरोबर १८. रात्रीच ४५ टाके घातले, बॉर्डर साडेचारवर करतेय. आजीच्या सुया टोपड्याला वापरेन, तो पॅटर्न ४ मिमीचाच आहे.